अठरा बोकडांचा हत्ता

२७ जानेवारी १९७९

एका परदेशी बोकडाची खरी किंमत किती पडते, ते आज काढलं. तिकडची खरेदी, जहाजाचं भाडं, मुंबईच्या गोदीतला मुक्काम, मालगाडी, नागपूरहून ट्रक, सोबतच्या माणसांचा भत्ता, आणि वाटेत जे मेले त्यांचा खर्च जिवंतांच्या डोक्यावर वाटून. जनावरांचे सरकारी डॉक्टरसाहेब आकडे सांगत होते, मी मनातल्या मनात त्याच्या बकऱ्या करत होतो. अल्लीपूरच्या बाजारातल्या चोवीस गाभण बकऱ्या म्हणजे सरकारचा एक बोकड. असे अठरा उद्या येणार आणि महिनाभर माझ्या ताब्यात राहणार. कलेक्टरच्या घरीही एवढा ऐवज नसेल.

वही नवी आहे, म्हणून आधी नाव लिहितो. मी डोमाजी, बकऱ्यांचा दलाल. शेत नाही, शाळा नाही. अक्षर शिकलो ते तिशीत, बाजार समितीच्या कारकुनाला वर्षभर चहा पाजून. कान मात्र देवानं फुकट दिले. जनावराच्या कुशीला कान लावला की आत काय शिजतंय ते कळतं. याच कानांमुळे सरकारनं मला हे काम दिलं असं मी लोकांना सांगतो. खरं कारण असं की दुसऱ्या कोणी टेंडर भरलंच नाही.

जागा झकास आहे. कारंज्याहून दीड कोस, हायवेवरचे ट्रक ऐकू येतात. टिनाचा लांब गोठा, मला दोन खोल्या, नळ, लोखंडी खाट. भोवती तारेची दोन कुंपणं, एकात एक. नाल्यापलीकडे बोंदरखेडा. तिथं माझी थोरली बहीण सुलोचनाबाई राहते. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. तिनं मला बकरीच्या दुधावर वाढवलं. आज ती विधवा आहे, आणि तिच्याजवळ आहेत त्या वीस बकऱ्या. दुसरं काही नाही.

२८ जानेवारी

बोकड आले. पांढरेशुभ्र, बिनशिंगी, दाढीवाले, चालणं असं की पेन्शनर मास्तर. वास मात्र बोकडाचाच, इमानदार. नाक धरून मोजले, अठरा. प्रत्येकाच्या कानात पितळी बिल्ला, त्यावर नंबर.

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, तरुण. त्यांनी मला आयातीची नियमावली वाचून दाखवली. तीस दिवस बोकड बाहेर नाहीत, आणि त्यांना हात लावणारा मीही बाहेर नाही. आतला चारा, शेण, भांडं, काहीच कुंपणापलीकडे जायचं नाही. एखादा दगावला तर पुरण्याआधी कळवायचं. आणि कलम नऊ: दगावण्याचं कारण परदेशी रोग निघाला, तर अठराच्या अठरा मारायचे आणि दोन कोसांतल्या साऱ्या बकऱ्या-मेंढ्याही मारायच्या. भरपाई चौकशीनंतर. मी विचारलं, चौकशी किती दिवसांची असते. साहेब हसले.

बोंदरखेडा अर्ध्या कोसावर आहे.

साहेब असंही म्हणाले, काळजी करू नका, दोन वर्षांपूर्वीची तुकडी इथंच होती, एकही मृत्यू नाही. अख्ख्या राज्यात असं केंद्र नाही.

३१ जानेवारी

जम बसला. सकाळी लसूणघासाच्या पेंढ्या चाऱ्याच्या खिडकीतून आत घ्यायच्या. ही खिडकी गोठ्याच्या मागच्या टिनात आहे, हातभर रुंद, तिला तरटाचा पडदा. दहाला मोजणी. दुपारी बारा ते दोन सारं शांत. बाहेरच्या फाटकाशी चौकीदार कवडू पेंगतो, आत अठरा जबडे रवंथ करतात. असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता, जसं लांब कुठं बायकांनी जाती मांडली आहेत. त्या आवाजात मला झोप लागते.

सुलोचना कुंपणापर्यंत आली होती. वीस पावलांवर उभं राहायचा नियम, म्हणून ओरडून बोलली. "डोमा, सरकारनं बोकडाइले कोंडलं का तुले?" मी म्हटलं, मला भत्ता मिळतो. ती म्हणाली, मग बोकड तू नाहीस, ते बिचारे फुकट बसले आहेत. कवडू पोट धरून हसला. तिची तांबडी बकरी पुढच्या महिन्यात व्यायची आहे, हे तिनं तीनदा सांगितलं.

५ फेब्रुवारी

अकरा नंबर दोन दिवस खात नव्हता. तोंडात फोड, फेस. कुशीला कान लावला तर आत सारं बंद, गिरणीचा पट्टा उतरावा तसं. आज सकाळी मोजणीच्या आधी गेला.

डॉक्टरसाहेब नागपूरला आहेत, गुरुवारी येतील. कळवायचं तर तार करावी लागेल. तारेचा कागद समोर घेतला आणि नुसता बसलो. समोर नाल्यापलीकडे सुलोचनाच्या बकऱ्या चरत होत्या. तांबडी मागं पडत होती, पोट जड झालेलं.

कागद ठेवून दिला. एकच तर गेला, वाटेच्या दगदगीनंही गेला असेल. कानातला बिल्ला काढून घेतला, चुन्याच्या खड्ड्यात पुरला. आता सतरा. साहेब बिल्ले मोजतात, तोंडं नाही. तेवढ्याच अंगाचा एक पांढरा बोकड मिळाला की झालं. कवडूला सारं सांगून विचारलं, कोणी आणून देईल का. कवडूचा भाऊ बोंदरखेड्यातच राहतो, त्याच्याही बकऱ्या आहेत. त्यानं बिडी विझवली. मग म्हणाला, "तानबाजीनं बी असंच केलतं, भाऊ. बारा वाजता चाऱ्याच्या खिडकीत दुपट्टा टाकजा अन् त्याखाली हात धरजा. फक्त बोलू नोका."

तानबा म्हणजे माझ्याआधी इथं होता तो.

६ फेब्रुवारी

हत्ता म्हणजे आमचं रोजचं काम. दुपट्ट्याखाली हातात हात, बोटं धरून भाव. एक बोट धरलं की एक, चार धरली की चार. दहा की शंभर की हजार, ते कोणी बोलत नाही. माल पाहूनच दोघांना कळतं. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहतो.

बाराला खिडकीत दुपट्टा टाकून हात धरला. पलीकडून हात आला. कोरडा हात, पकड जुन्या चालीची, आमच्या उस्तादाच्या वेळची. त्यानं माझी करंगळी धरली, फक्त करंगळी. एक. म्हणजे शंभर. एवढ्या मालाला शंभर म्हणजे चोरीचाच माल. मी लगेच तळहात दाबला, सौदा पक्का. शंभराची नोट खिडकीत ठेवली. तासाभरानं पाहिलं, बोकड मागच्या दाराशी उभा होता आणि नोट तिथंच.

विसरला असेल. मी काही हाका मारत गेलो नाही.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पलीकडे तुरीची सुकी धसकटं आहेत, मांजर गेलं तरी वाजतात. हा माणूस आलेला ऐकू आला नाही, गेलेलाही नाही.

८ फेब्रुवारी

साहेब आले, बिल्ले मोजले, अठरा, खूश होऊन गेले.

नवा अकरा नंबर हुबेहूब तसाच आहे. फक्त बिल्ला लावताना कान टोचला तर रक्त आलं नाही. वास नाही. तुकडीतला प्रत्येक बोकड घाण मारतो, हा धुतलेल्या पाटीसारखा. घासासमोर उभा राहतो, तोंड लावत नाही. दुपारी सतरा जाती चालतात, एक बंद.

करंगळीला मुंग्या आल्या आहेत. थंडीनं असेल.

१२ फेब्रुवारी

चार आणि नऊ, दोघं एकाच सकाळी गेले. तोच फेस.

दुपट्टा टाकला. तोच हात. दोन बोटं धरली, करंगळीजवळचं आणि मधलं. मी पक्कं केलं. या वेळी नोटा काढल्याच नाहीत, पाहू म्हटलं घेतो का. दोन बोकड दाराशी आले. कोणी काही मागितलं नाही.

करंगळी खडूसारखी पांढरी झाली आहे. सुई टोचून पाहिली. काही नाही.

१३ फेब्रुवारी

दावं बांधताना करंगळी दाव्यातच राहिली. सुकलेली शेंग देठातून निघते तशी. रक्त नाही, दुखलं नाही. मी ती बराच वेळ हातात घेऊन बसलो होतो.

पुढची दोन बोटं आता पांढरी होत आहेत.

एक धरलं, एक गेलं. दोन धरली, दोन चालली. तीस वर्षं मी हत्ता खेळलो आणि एकदाही विचारलं नाही की मोजतो आहोत काय. त्यानं रुपये कधी म्हटलेच नव्हते. ते मी धरून चाललो.

कवडूला पकडून विचारलं. तानबा कुठं आहे. कवडू खाली बघून म्हणाला, कारंज्याच्या ढाब्यावर बसतो, बशीतला चहा दोन मनगटांत धरून पितो. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस. "सांगतलं असतं तं तुमी तार केली असती," तो म्हणाला.

खरं आहे. केली असती.

१६ फेब्रुवारी

दोन्ही बोटं गेली. उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट उरलं. पेन धरता येतो, लिहायला वेळ लागतो. साहेबांना सांगितलं, कडबाकुट्टीत गेली. साहेबांनी पट्टी बांधली, हळहळले, आणि अर्ज करा म्हणाले.

त्याच वेळी सांगून टाकावं असं तोंडाशी आलं होतं. साहेब, तीन मेले. पण मागं सुलोचना कुंपणाशी उभी होती, डब्यात काहीतरी घेऊन. ओरडून म्हणाली, तांबडी व्याली, दोन पिलं, दोन्ही पाठी, बोकड एकही नाही, एकीचं नाव डोमी ठेवलं. साहेब हसले. मीही हसलो. हात मागं धरून.

१८ फेब्रुवारी

उरलेले पंधराही. सर्वांच्या तोंडाला फेस. दुपारी एकही जातं वाजत नाही.

दोन रस्ते. तार केली तर उद्या बंदुका येतील, बोंदरखेड्यातल्या साऱ्या बकऱ्या नाल्यात. नाहीतर खिडकी.

१९ फेब्रुवारी

खिडकी.

रात्रीत पंधराही गेले, चुन्याच्या खड्ड्यात. पंधराचा लॉट एकदम. त्यानं सात मागितली, म्हणजे होती तेवढी सारी. मी हात झटकला. त्यानं पुन्हा धरली, सात. मी डावा पंजा पुढे केला, पाच, आणि उजवा दुपट्ट्याबाहेर ओढून घेतला. मी माघार घेतली नाही. कितीतरी वेळ तो नुसता धरून राहिला. मग तळहात दाबला.

सातावरून पाचावर. अल्लीपूरच्या बाजारात असा सौदा कोणा माईच्या लालानं केला नसेल. लिहायला दोन बोटं राखली. पाच बोटांत अख्खा गाव सोडवला. आता बोंदरखेड्यातली एक बकरी मरणार नाही, हे मी लिहून ठेवतो.

२२ फेब्रुवारी

अठरा आहेत. रांगेत उभे. शेण नाही, मूत नाही, वास नाही. टिनाखाली इतकं शांत की माझ्याच कानातलं रक्त ऐकू येतं.

डावा पंजा सकाळी उशीवर राहिला.

घास कोणी खात नाही. पेंढ्या साचल्या. साहेबांनी विचारलं असतं, चारा उरला कसा. फेकायचा तरी कुठं, सोन्यासारखा घास. कवडूनं गव्हाणी रिकाम्या करून भारे बांधले, बोंदरखेड्यात वाटले. सुलोचनाला दोन भारे. सरकारी घासावर बकऱ्या तुटून पडल्या म्हणे —

२७ फेब्रुवारी

सुटका. साहेबांनी दाखला दिला: आयात अठरा, हयात अठरा, रोग निरंक. फोटो काढला. बोकड ट्रकमध्ये स्वतः चढले, एकामागं एक, पायाचा आवाज न करता. साहेबांना वाटलं, मी शिकवलं.

गावोगाव जाणार. गावच्या बकऱ्यांची जात सुधारायला.

मी सुलोचनाकडे आलो. तिनं हात पाहिले. भाकरी कुस्करली. घास भरवला.

१ मार्च

तांबडीच्या तोंडात फोड.

गव्हाणीतला घास — त्याच गव्हाणी, फेसाच्या. मी बदलल्या नव्हत्या. नियमात होतं. चारा बाहेर जायचा नाही. वाचून दाखवलं होतं मला —

२ मार्च

डोमी गेली. मग तांबडी. गावात अकरा.

३ मार्च

कारंज्याला साहेबांकडे गेलो, पायी. सारं सांगितलं. खिडकी, हात, सारं. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. रोग निरंक. आमच्याकडे नव्हता तर तुमच्याकडे कुठून येईल. तुमच्या हातांचा ताप डोक्यात गेला आहे, डोमाजी. अर्ज —

परत येताना ढाब्यावर तानबा दिसला. त्यानं मला ओळखलं. बाजूला सरकून जागा दिली.

बसलो नाही.

सुलोचनाच्या गोठ्यात संध्याकाळी सहा उरल्या —

७ मार्च

ताप. तीन दिवस शुद्ध नव्हती. उठलो तर अंगणात ऊन आणि गोठ्यात —

वीस. तांबडीही. शिवाय दोन्ही पिलं.

वास नाही. तांबडीच्या कुशीला कान लावला. दुसरीच्या. तिसरीच्या —

सुलोचना चुलीशी बसली होती, पदर दोन्ही हातांवरून पुढे घेऊन. भाकरी केली नव्हती. म्हणाली, कवडू आलता, त्यानं खिडकीशी नेलं, सांगितलं कसं करायचं ते. मी ओरडलो. तिला नवल वाटलं. "काऊन रडून राह्यला, डोमा? बकऱ्या तं हायेत ना साऱ्या."

विचारलं, किती धरली त्यानं. कुठपर्यंत.

आठवत नाही म्हणते. मोजलं नाही म्हणते.

पदर काढत नाही. खांद्यापासून खाली नुसता लोंबतो आहे, दोन्हीकडे —

तिला हत्ता येत नाही. आयुष्यात तिनं कधी भाव केला नाही. कोणी मागितलं तेवढं —